प्रेसनोटलाही व्हाउचर लागते

(मंडळाच्या कार्यकर्ता मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेवर आजचा विषय ‘जनसंपर्क व्यवसायाची आचारसंहिता आणि आपण’ असा छापला आहे. तो वाचून दोघा-तिघांनी आम्हाला दारातच गाठले आणि विचारले, “आचारसंहिता निवडणुकीची असते, ही आणखी कुठली काढलीत?” प्रश्न रास्त आहे. आम्ही काही त्या व्यवसायातले नव्हे. बी.कॉम. होऊन बँकेत कारकून म्हणून लागलो, आजही काउंटरवर बसतो. मंडळाच्या प्रेसनोटा गेली अकरा वर्षे आम्ही लिहितो, एवढाच काय तो या विषयाशी आमचा संबंध.

तरीही हा विषय आज घेणे भाग पडले. कारण आपल्यापुढे एक प्रस्ताव आहे आणि पुढच्या महिन्याच्या कार्यकारिणीत त्यावर निर्णय व्हायचा आहे. एका जनसंपर्क कंपनीने दरमहा ८०,००० रुपयांत मंडळाची प्रसिद्धी सांभाळण्याची तयारी दाखवली आहे. प्रस्तावाच्या प्रती सर्वांना मिळाल्या आहेतच. त्यातली पहिली दोन पाने आम्हाला आवडली. छायाचित्रे नीट काढणे, बातमी वेळेत पाठवणे, मराठीबरोबर कन्नड आणि इंग्रजी वृत्तपत्रांनाही मजकूर देणे, हे आपल्याला जमत नाही आणि जमायला हवे. अडचण तिसऱ्या पानावर आहे. तिथे लिहिले आहे की, निरनिराळ्या नावांची २०० खाती उघडून आपल्या बाजूने प्रतिक्रिया टाकल्या जातील, सामान्य नागरिकांच्या नावाने वाचकांची पत्रे पाठवली जातील, आणि ‘निवडक पत्रकारांशी विशेष संबंध’ ठेवले जातील. या शेवटच्या शब्दांचा अर्थ आम्ही फोन करून विचारला. उत्तर मिळाले, “साहेब, ते समजून घ्यायचं असतं.”

आम्ही समजून घ्यायचे ठरवले. या व्यवसायातली जाणती माणसे स्वतःच्या धंद्याबद्दल काय नियम करून बसली आहेत, ते शोधून वाचले. तेच आज आपल्यापुढे मांडतो.

आधी एक कबुली देतो. दोन वर्षांपूर्वीच्या आपल्या सभेची प्रेसनोट आम्हीच लिहिली होती. ‘दहा हजारांचा जनसागर’ असे तिच्यात होते. सभागृहाच्या खुर्च्या सहाशे. दुसऱ्या दिवशी एका दैनिकाने रिकाम्या मागच्या रांगांचा फोटो आणि आपला आकडा शेजारी शेजारी छापला. त्या सभेत उतारे आणि घरपट्टीच्या नोटिसा मराठीतून मिळाव्यात म्हणून आपण शंभरावर अर्जांच्या पोचपावत्या दाखवल्या होत्या. त्या पावत्यांबद्दल कुणी एक ओळ छापली नाही. चर्चा झाली ती खुर्च्यांची. आपले खरे म्हणणे आपल्याच खोट्या आकड्याखाली गाडले गेले. बँकेत आम्ही विनाव्हाउचर एक रुपया नावे टाकत नाही. इथे मात्र साडेनऊ हजार माणसे आम्ही विनाव्हाउचर जमा केली.

हे नियम आले कुठून

जनसंपर्क हा शब्द आपल्याकडे सरकारी खात्याच्या पाटीवरून ओळखीचा झाला. धंदा म्हणून तो वाढला अमेरिकेत. १९०६ साली तिथल्या कोळसा खाणमालकांनी संपाच्या काळात आयव्ही ली नावाच्या एका माजी पत्रकाराला नेमले. ली यांनी सर्व संपादकांना एक निवेदन पाठवले. त्याचा मथितार्थ असा की, आमचे काम उघड आहे, आम्ही कुणाच्या वतीने बोलतो ते सांगू, माहिती अचूक देऊ, आणि ती तपासायला कुणी आले तर मदत करू. या व्यवसायाच्या इतिहासात ते ‘तत्त्वांचे निवेदन’ म्हणून आजही शिकवले जाते.

पुढे काय झाले तेही शिकवले पाहिजे. एप्रिल १९१४ मध्ये कोलोरॅडो राज्यात लडलो येथे संपकरी खाण कामगारांच्या तंबूंवर गोळीबार झाला, तंबूंना आगी लागल्या, बायका-मुले मेली. खाणीत रॉकफेलर कुटुंबाचा मोठा हिस्सा होता. त्यांच्यासाठी याच ली यांनी पत्रके काढली आणि त्यात युनियनच्या पुढाऱ्यांच्या पगाराचे आकडे फुगवून छापले गेले. चौकशी आयोगापुढे विचारणा झाली तेव्हा मालकांनी दिले तेच आपण छापले, स्वतः तपासले नाही, असे त्यांनी मान्य केले. अपटन सिंक्लेअर या लेखकाने त्यांच्या नावावर कोटी करून त्यांना एका विषारी वेलीचे नाव दिले. ते नाव त्यांना कायमचे चिकटले.

१९०६ चे निवेदन वाईट होते असे नाही. ते एका माणसाचे होते, आणि ते मोडले तर विचारणारा कुणी नव्हता. म्हणून पुढे संघटना आल्या. अमेरिकेत १९४७ साली व्यावसायिकांची सोसायटी स्थापन झाली आणि १९५० मध्ये तिने पहिली आचारसंहिता केली. १९५५ मध्ये लंडनला आंतरराष्ट्रीय संघटना निघाली. तिने १९६१ मध्ये व्हेनिसला आणि १९६५ मध्ये अथेन्सला संहिता मंजूर केल्या. अथेन्सची संहिता ल्युसियाँ मात्रा या फ्रेंच गृहस्थांनी तयार केली. तिचा पाया संयुक्त राष्ट्रांच्या १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यावर आहे. सत्याला दुसऱ्या कुठल्याही गरजेपुढे दुय्यम ठरवू नये आणि ज्याची खातरजमा होऊ शकत नाही अशी माहिती पसरवू नये, हे तिचे सार.

आपला देशही यात मागे नव्हता. भारतातली ‘पब्लिक रिलेशन्स सोसायटी’ १९५८ साली स्थापन झाली. २१ एप्रिल १९६८ रोजी दिल्लीला पहिली अखिल भारतीय परिषद भरली आणि तिथे अथेन्सची संहिता स्वीकारली गेली. म्हणून २१ एप्रिल हा राष्ट्रीय जनसंपर्क दिन मानतात. कागदोपत्री पाहिले तर आपल्याकडे हे नियम अर्धशतकाहून जुने आहेत.

खऱ्याला खोट्याची जोड

आता दोन प्रकरणे सांगतो. पहिले कुवेतचे. ते जरा सविस्तर सांगतो, कारण ते आपल्याला सर्वात जवळचे आहे.

२ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेत गिळला. हे शंभर टक्के खरे. तिथे अत्याचार झाले हेही खरे. आखाती देशांत आपल्या भागातली किती माणसे कामाला होती आणि आहेत, हे या सभागृहात वेगळे सांगायला नको. कुवेतची बाजू न्यायाची होती, तिला सजवण्याची काही गरज नव्हती. तरीही ‘स्वतंत्र कुवेतसाठी नागरिक’ अशा अर्थाच्या नावाची एक संस्था अमेरिकेत उभी राहिली आणि तिने हिल अँड नोल्टन ही बलाढ्य जनसंपर्क कंपनी नेमली. नाव नागरिकांचे, पण एक कोटी डॉलरहून जास्त झालेला खर्च बहुतेक सगळा कुवेत सरकारचा.

१० ऑक्टोबर १९९० रोजी अमेरिकी संसद सदस्यांच्या मानवी हक्क गटापुढे नायिरा नावाची पंधरा वर्षांची मुलगी उभी राहिली. तिने रडत सांगितले की, कुवेतच्या रुग्णालयात इराकी सैनिकांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांना काचपेटीतून काढून थंड फरशीवर मरायला टाकले, आणि हे आपण डोळ्यांनी पाहिले. तिचे आडनाव घरच्यांच्या जिवाला धोका म्हणून सांगितले गेले नाही. तो गट संसदेची अधिकृत समिती नव्हता, त्यामुळे साक्ष शपथेवर नव्हती. राष्ट्राध्यक्ष बुश यांनी ती हकीकत पुढे अनेकदा सांगितली. जानेवारी १९९१ मध्ये सिनेटने युद्धाला ५२ विरुद्ध ४७ अशा थोड्या मतांनी मंजुरी दिली. त्या चर्चेतही काही सदस्यांनी ती हकीकत सांगितली होती.

एक वर्षाने, जानेवारी १९९२ मध्ये, जॉन मॅकआर्थर या प्रकाशकाने उघड केले की ती मुलगी कुवेतच्या अमेरिकेतील राजदूतांची कन्या होती. तिची साक्ष तयार करण्यात जनसंपर्क कंपनीचा हात होता. युद्धानंतर रुग्णालयांत जाऊन चौकशी करणाऱ्यांना त्या हकीकतीला पुरावा मिळाला नाही. अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलने आधी ती स्वीकारली होती, तिलाही आपले म्हणणे मागे घ्यावे लागले.

याचा परिणाम काय झाला ते बघा. कुवेतवर झालेला खरा अन्याय तीस वर्षांनंतर फार थोड्यांना सविस्तर आठवतो. काचपेटीची गोष्ट मात्र जगभर जनसंपर्काच्या वर्गात खोटेपणाचा नमुना म्हणून शिकवली जाते. ज्यांची बाजू खरी होती त्यांनीच स्वतःच्या बाजूला हा डाग लावून घेतला. आमच्या दहा हजारांच्या आकड्याचे तेच झाले. माप लहान, इतकाच फरक.

अमेरिकी सोसायटीने २००० साली आपली संहिता नव्याने लिहिली. तिच्यात खरा पुरस्कर्ता लपवून दुसऱ्याच्या नावाने संस्था उभी करणे आणि अशा लपवलेल्या हितासाठी ‘सामान्य लोकांच्या’ पत्रांची मोहीम चालवणे हे गैरवर्तनाचे उदाहरण म्हणून स्पष्ट दिले आहे. आंतरराष्ट्रीय संघटनेने २०११ मध्ये जुन्या संहिता एकत्र करून १८ कलमांची एक संहिता केली. आपले नाव, आपली संस्था आणि आपण कुणाच्या हितासाठी बोलतो हे उघड सांगावे, असे त्यातही आहे. सरकार आणि वृत्तपत्रांवर गैरमार्गाने प्रभाव टाकू नये, असेही आहे. आता आपल्या प्रस्तावाचे तिसरे पान उघडा आणि ताडून बघा. २०० खाती, दुसऱ्यांच्या नावाची पत्रे, ‘विशेष संबंध’. तिन्ही गोष्टी या व्यवसायाच्या स्वतःच्याच नियमात बसत नाहीत. आम्ही फार सोवळे आहोत म्हणून हे बोलत नाही. त्या धंद्यातली माणसेच हे म्हणतात.

शिक्षा झाली ते प्रकरण

दुसरे प्रकरण दक्षिण आफ्रिकेचे. आपल्या सहारनपूरहून तिकडे गेलेल्या गुप्ता बंधूंवर राष्ट्राध्यक्ष जेकब झुमा यांच्याशी संगनमत करून सरकारी व्यवहार ताब्यात घेतल्याचे आरोप होते. २०१६ मध्ये देशातल्या चारही मोठ्या बँकांनी त्यांच्या ओकबे कंपनीशी व्यवहार थांबवले. त्याच वर्षी ओकबेने लंडनच्या बेल पॉटिंजर या कंपनीला दरमहा एक लाख पौंडावर नेमले. या कंपनीचे संस्थापक टिम बेल म्हणजे मार्गारेट थॅचर यांच्या निवडणूक प्रचारामुळे नावारूपाला आलेले गृहस्थ.

मोहिमेचा रोख असा होता की, देशाचे खरे दुखणे म्हणजे गोऱ्यांची आर्थिक मक्तेदारी. आता ही विषमता तिथे खरोखरच आहे, वर्णद्वेषी राजवटीने ती निर्माण केली. पण एका श्रीमंत घराण्यावरच्या आरोपांवरून लोकांचे लक्ष उडवण्यासाठी त्या जखमेवर मीठ चोळले गेले. खोट्या खात्यांचा सुळसुळाट झाला, पत्रकारांना लक्ष्य केले गेले. २०१७ मध्ये ई-मेल फुटले आणि सगळे बाहेर आले.

तिथल्या विरोधी पक्षाने, डेमोक्रॅटिक अलायन्सने, लंडनच्या व्यावसायिक संघटनेकडे तक्रार केली. संघटनेने सुनावणी घेतली आणि ४ सप्टेंबर २०१७ रोजी बेल पॉटिंजरला किमान पाच वर्षांसाठी काढून टाकले. मुख्याधिकारी आदल्याच दिवशी पायउतार झाले होते. ग्राहक पळाले. १२ सप्टेंबरला, म्हणजे आठ दिवसांत, कंपनी दिवाळखोरीच्या प्रशासकाच्या हाती गेली. तीस वर्षे चाललेले दुकान आठवड्यात बंद झाले.

हे ऐकून कुणी म्हणेल, बघा, आचारसंहितेला दात आहेत. आमचे मत थोडे वेगळे आहे. संघटनेच्या हातात फक्त सदस्यत्व काढून घेणे होते. दुकान बंद पाडले ते ग्राहकांनी. काढून टाकलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी दुसऱ्या नावाने पाटी लावायला कायद्याची आडकाठी नव्हती.

इथे आम्हा कॉमर्सवाल्यांना फरक चटकन कळतो. चार्टर्ड अकाउंटंटला १९४९ चा कायदा आहे, वकिलाला १९६१ चा अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट आहे. गैरवर्तन केले तर त्यांची सनद जाते, मग त्यांना धंदाच करता येत नाही. जनसंपर्काला सनदच नाही, तर जाणार काय? या व्यवसायाचे एक आद्य पुरुष एडवर्ड बर्नेझ यांनी उतारवयात सरकारी परवान्याची मागणी लावून धरली होती. १९२९ मध्ये न्यूयॉर्कच्या ईस्टर मिरवणुकीत तरुणींच्या हाती सिगारेटी देऊन स्त्रीमुक्तीच्या नावाखाली तंबाखू विकण्याची युक्ती याच बर्नेझ यांची. स्वतःच्या धंद्याची ताकद त्यांना ठाऊक होती, म्हणूनच कदाचित परवाना हवा होता. तो आला नाही.

तंबाखूचा विषय निघालाच आहे, आणि निपाणीची मंडळी समोर बसली आहेत, म्हणून एक वाक्य बोलतो. ४ जानेवारी १९५४ रोजी अमेरिकी सिगारेट कंपन्यांनी चारशेहून अधिक वृत्तपत्रांत ‘सिगारेट ओढणाऱ्यांना प्रांजळ निवेदन’ अशी पानभर जाहिरात दिली. ग्राहकाचे आरोग्य हीच आमची पहिली जबाबदारी, असा तिचा सूर होता. सल्लागार हिल अँड नोल्टनच. तो प्रांजळपणा कसला होता ते सांगायला तिथल्या न्यायालयाला २००६ साल उजाडावे लागले. मधल्या पन्नास वर्षांत किती माणसे गेली असतील, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

आपल्याकडे काय झाले

आपल्याकडची गोष्ट याहून जवळची. २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत पी. साईनाथ यांनी दाखवून दिले की, एकमेकांच्या स्पर्धेतल्या मराठी दैनिकांत एकाच पुढाऱ्याच्या स्तुतीचा मजकूर शब्दशः सारखा छापून आला होता. ‘पेड न्यूज’ हा शब्द तेव्हा घराघरात गेला. प्रेस कौन्सिलने परंजय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांची दोघांची समिती नेमली. समितीने वृत्तपत्रांची नावे घेऊन अहवाल दिला. कौन्सिलने २०१० मध्ये त्याचा संक्षेपच प्रसिद्ध केला, मूळ अहवाल माहिती आयोगाच्या आदेशानंतर २०११ मध्ये लोकांपुढे आला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये निवडणूक आयोगाने उत्तर प्रदेशातल्या बिसौलीच्या आमदार उमलेश यादव यांना तीन वर्षांसाठी अपात्र ठरवले. त्यांनी २००७ च्या निवडणुकीत बातमीच्या रूपात छापून आणलेल्या मजकुराचा खर्च हिशेबात दाखवला नव्हता.

म्हणजे जिथे व्यवसायाची संहिता पोचली नाही, तिथे कायदा हिशेबाच्या वाटेने पोचला. हे ध्यानात ठेवा. येत्या निवडणुकीत आपण कुणाला पाठिंबा दिला आणि ‘विशेष संबंधां’वर पैसा गेला, तर तो खर्च कुणाच्या खात्यात धरला जाईल? ८०,००० रुपये हे वर्गणीचे पैसे आहेत. गल्लीगल्लीतून पावती फाडून जमवलेले.

“समोरचे करतात, मग आपण का नको?”

हा प्रश्न युवा कार्यकर्ते विचारतात आणि तो टाळता येणार नाही. समोरची बाजू प्रबळ आहे, सत्ता तिच्या हाती आहे, तिच्या बाजूने हजारो खाती बोलतात. आपण हात बांधून का लढायचे?

आमचे उत्तर तीन मुद्द्यांत आहे.

पहिला मुद्दा. आपला दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तिथे गर्दीचे आकडे चालत नाहीत, जनगणनेचे आणि गावनिहाय कागदांचे चालतात. जिथे अल्पसंख्य भाषकांची वस्ती १५ टक्के किंवा त्याहून जास्त आहे तिथे सूचना आणि नियम त्यांच्या भाषेत मिळावेत, हा निकष सरकारनेच मान्य केलेला. घटनेच्या ३५० ब कलमाखाली भाषिक अल्पसंख्याकांसाठी आयुक्त आहेत. आपली सगळी ताकद कागदाची आहे. ज्याची ताकद कागदाची, त्याने स्वतःच्या एका कागदावरही संशय येऊ देता कामा नये. आज प्रेसनोट खोटी निघाली तर उद्या निवेदनाकडे कोण विश्वासाने पाहील?

दुसरा मुद्दा. आपल्या भागात खोट्या बातमीची किंमत दगडाने मोजली जाते. डिसेंबर २०२२ आठवा. हिरेबागेवाडीच्या टोलनाक्याजवळ महाराष्ट्राच्या गाड्यांवर दगडफेक झाली, पुण्यात कर्नाटकच्या बसना काळे फासले गेले, बससेवा थांबल्या. यात पुढारी अडकले नाहीत. कोल्हापूरच्या दवाखान्यात निघालेले पेशंट आणि परीक्षेला निघालेली पोरे स्टँडवर अडकली. असल्या दिवशी २०० निनावी खात्यांतून एक जुना व्हिडिओ ‘आत्ताचा’ म्हणून फिरला, तर पुढच्या बसमध्ये आपलीच आजी असेल. खाते निनावी असल्यामुळे आपण थांबवा म्हटले तरी कुणाला म्हणणार?

तिसरा मुद्दा. आपले भांडण कारभाराशी आहे, शेजाऱ्याशी नाही. आमच्या काउंटरवर रोज मराठी बोलणारे येतात, कन्नड बोलणारे येतात, उर्दू आणि कोंकणी बोलणारे येतात. एकाचा फॉर्म दुसरा भरून देतो. बेल पॉटिंजरने दक्षिण आफ्रिकेत जुन्या जखमेवर धंदा केला आणि निघून गेली. जखम तिथल्या लोकांकडेच राहिली. बाहेरची कंपनी करार संपला की जाईल. आपल्याला याच गल्लीत राहायचे आहे.

आपली स्वतःची आचारसंहिता

तेव्हा केवळ ‘नको’ म्हणून आम्ही थांबत नाही. कंपनी नेमायची तर नेमूया, पहिल्या दोन पानांपुरती. मात्र त्याआधी मंडळाने स्वतःची छोटी आचारसंहिता ठराव करून मंजूर करावी. मसुदा असा:

१. आकडा मोजल्याशिवाय लिहायचा नाही. खुर्च्या, सह्या, पावत्या, जे मोजता येईल ते मोजायचे. मोजता आले नाही तर आकडा गाळायचा.

२. एकाने लिहायचे, दुसऱ्याने तपासायचे, दोघांच्या सह्या कार्यालयीन प्रतीवर राहतील. बँकेत चेक पास होताना जे घडते तेच.

३. मंडळाचा मजकूर मंडळाच्याच नावाने जाईल. दुसऱ्याच्या नावाने पत्र नाही, खोटे खाते नाही.

४. फोटो किंवा व्हिडिओवर ठिकाण आणि तारीख लिहिल्याशिवाय तो पुढे पाठवायचा नाही.

५. पत्रकाराला पाकीट नाही, भेटवस्तू नाही. जाहिरात द्यायची तर जाहिरात म्हणून, पावती घेऊन.

६. तक्रार घेऊन येणाऱ्याचे नाव त्याच्या संमतीशिवाय छापायचे नाही. एकदा उत्साहाच्या भरात आपण एका नोकरदाराचे खाते छापले आणि त्याला बदली भोगावी लागली, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना ठाऊक आहे.

७. कुठल्याही भाषेच्या किंवा जातिधर्माच्या लोकांना एकजात दोष देणारे वाक्य मंडळाच्या कागदावर येणार नाही.

८. चूक झाली तर दुसऱ्याच दिवशी दुरुस्ती पाठवायची, आणि ती आपल्या वार्तापत्रात पहिल्या पानावर छापायची.

९. प्रसिद्धीचा खर्च वार्षिक हिशेबात स्वतंत्र शीर्षाखाली दाखवायचा. सभासदाने मागितला तर व्हाउचर दाखवायचे.

आता विचाराल, हे कुणी मोडले तर? आताच पाहिले की लंडनच्या संघटनेलाही हाकलण्यापलीकडे काही करता आले नाही. आपणही फार काही करू शकणार नाही. जो मोडेल त्याच्याकडून लेखणी काढून घ्यायची, इतकेच. पण आपल्याकडे एक सोय आहे जी लंडनला नव्हती. आपण एकमेकांना ओळखतो. खोटे लिहिणाऱ्याला दुसऱ्या दिवशी भाजी आणायला त्याच बाजारात जावे लागते.

आमचे ज्येष्ठ सांगतात, पूर्वी मंडळाचे पत्रक सायक्लोस्टाइलवर निघे. शाई हाताला लागे आणि पत्रकाखाली लिहिणाऱ्याचे नाव असे. दरवर्षी १७ जानेवारीला आपण हुतात्म्यांपुढे उभे राहतो. १९५६ साली त्यांनी जीव दिला. त्यांच्या नावाने चाललेल्या कामात निनावी खोटे खाते शोभणारे नाही, याहून जास्त काही बोलायची गरज नाही.

शेवटी आठव्या कलमाची सुरुवात आमच्यापासून करतो. दोन वर्षे उशीर झाला आहे. संपादकांना विनंती की खालचा मजकूर वार्तापत्राच्या पहिल्या पानावर घ्यावा:

‘दोन वर्षांपूर्वीच्या मंडळाच्या सभेला दहा हजार लोक उपस्थित असल्याचे आमच्या प्रेसनोटमध्ये म्हटले होते. ते चुकीचे होते. नोंदवहीतील सह्यांप्रमाणे ५४० नागरिक उपस्थित होते. मराठी कागदपत्रांसाठीच्या ११२ अर्जांच्या पोचपावत्या त्या सभेत दाखवण्यात आल्या. त्या मंडळाच्या कार्यालयात पाहायला मिळतील.’

५४० माणसे काही थोडकी नव्हेत. कामाचा दिवस होता, पाऊस होता, तरी ती आली होती. त्यांना दहा हजार म्हणून आम्ही त्यांचाच मान कमी केला. तो आज परत करतो, आणि ठरावाला आपला पाठिंबा मागून थांबतो.

जय महाराष्ट्र.